भरती आणि पास

पृथ्वीलगतच्या कक्षेतला उपग्रह एका भूकेंद्राच्या आकाशात एका फेरीत फार तर १० ते १५ मिनिटे असतो. या अवधीला यानसंचालन अभियंते ‘पास’ म्हणतात. कोलकात्याच्या दक्षिणेला हुगळीकाठी वसलेल्या बजबजमधल्या मुलाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. तिथल्या तेलजेटीकडे येणारी जहाजे भरती साधून नदीत वर सरकतात. वेळ हुकली की पुढच्या भरतीची वाट पाहायची. जहाज निदान डोळ्यांना दिसते. उपग्रह मात्र पडद्यावरच्या आकड्यांतूनच ओळखायचा.

हे आकडे म्हणजे टेलिमेट्री: बॅटरीची स्थिती, इंधनटाकीतला दाब, उपकरणांचे तापमान, यानाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते. पास सुरू झाला की अभियंता आकडे ठरलेल्या मर्यादांशी ताडून पाहतो, आज्ञा पाठवतो आणि ती अमलात आल्याची खूण परत येईपर्यंत नजर हलवत नाही. ऐनवेळी सुचलेली आज्ञा इथे चालत नाही. प्रत्येक आज्ञा आधी तपासलेली असते, आणि बिघाड झाल्यास काय करायचे तेही पायरीपायरीने लिहून ठेवलेले असते. त्यामुळे पासच्या दहा मिनिटांमागे कित्येक तासांची तयारी असते. खरी नोकरी त्या तासांचीच.

इस्रोत हे काम बंगळुरूच्या इस्ट्रॅक केंद्रातून चालते. भूस्थिर उपग्रहांचा सांभाळ हासन आणि भोपाळ इथल्या नियंत्रण केंद्रांकडे आहे. ते उपग्रह मावळतच नाहीत, म्हणून तिथे पासऐवजी अखंड पाळ्या असतात.

अंतर वाढले की कामाची तऱ्हा बदलते. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले, तेव्हा त्याचा संकेत पृथ्वीवर यायला सुमारे १२ मिनिटे लागत होती. इंजिन अडखळले असते, तर ते कळेपर्यंतच उशीर झाला असता. म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. सुमारे ३०० दिवस बंद असलेले मुख्य इंजिन दोनच दिवस आधी जेमतेम ४ सेकंद पेटवून पाहिले होते, आणि ते दगा देईल या हिशोबाने ८ छोट्या इंजिनांची पर्यायी योजनाही तयार होती. ती वापरावी लागली नाही.

महाराष्ट्राचाही या कामाशी एकदा थेट संबंध आला. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटीने टिपला. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची ही दुर्बीण तारे आणि दीर्घिकांसाठी बांधलेली. उतरण्याच्या थोडे आधी संकेत तुटला. यान आदळले होते. उंचीचा हिशोब चुकल्याने त्याने पॅराशूट वेळेआधीच सोडले होते, हे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले.

या क्षेत्रात शिरायचे तर इलेक्ट्रॉनिक्स, संगणक किंवा यांत्रिकी शाखेची पदवी हा सरळ रस्ता. इस्रोच्या भरतीत साधारणपणे ६५ टक्के गुण किंवा १० पैकी ६.८४ श्रेणी मागतात. पुढे लेखी परीक्षा आणि मुलाखत. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळविज्ञान शिक्षणसंस्थेतून जाणारी वाटही आहे. जाहिरात मात्र शाखेनुसार निघते, ‘संचालन’ म्हणून नव्हे. कोणत्या केंद्रात बसायचे, ते निवडीनंतरच ठरते.