पन्नीची गाठ गाईला सुटत नाही

२०२३ साली वाशिम जिल्ह्यात एका म्हशीने टरफलांसोबत मालकिणीचे मंगळसूत्र गिळले. डॉक्टरांनी मेटल डिटेक्टर फिरवून ते हेरले, पोट उघडून काढले आणि म्हशीला साठेक टाके घातले. नागपुरात भांडेवाडीच्या कचरा डेपोभोवती हिंडणाऱ्या गाईंच्या पोटातला ऐवज असा सापडत नाही. प्लास्टिकवर डिटेक्टर वाजत नाही, एक्स-रेतही ते सहसा उमटत नाही.

गाईला पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी, कळत नाही का? शेळी ओठांनी निवडून खाते, गाय जिभेने ओढून घेते. तिला वरचे पुढचे दात नसतात. आधी गिळायचे, चावायचे ते नंतर, रवंथ करताना. त्यात आपण शिळा भात नि भाजीची देठे पन्नीत भरून वर घट्ट गाठ मारतो. वास आतल्या अन्नाचा येतो, गाठ काही तिला सुटत नाही. मग सगळेच पोटात जाते.

गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोटीपोटात, शंभर लिटरहून अधिक माल मावतो. तिथले सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि रवंथ करून बारीक झालेला चाराच पुढच्या पोटात सरकतो. पन्नी आंबत नाही, बारीकही होत नाही. ती तिथेच राहते. वर दुसरी, तिसरी येते, सुतळी गुंतते आणि त्यांचा घट्ट गोळा होतो. चाऱ्याला जागा उरत नाही. रवंथ मंदावते, दूध आटते, पोटफुगी पुन्हा पुन्हा होते. बाहेरून मात्र गाय भरल्या पोटाची दिसते! दूध काढून तिला मोकाट सोडणाऱ्या मालकाला तेवढे पुरते.

यावर औषध नाही. जुलाबाने गोळा निघत नाही. कोटीपोट उघडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे रुमेनोटॉमीच, करावी लागते. गाय उभी ठेवून, डावी कूस बधिर करून चीर देतात आणि आत हात घालून गोळा ओढून काढतात. तीस-चाळीस किलो निघाल्याची उदाहरणे देशात आहेत. पुढे रवंथ सुरू व्हावी म्हणून निरोगी गाईच्या कोटीपोटातले पाणीही पाजतात, कारण त्यातून सूक्ष्मजीव मिळतात.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवी किमान १२० मायक्रॉनची हवी. जाड पिशवी कचऱ्यातून वेचायला सोपी, हे खरे. पण कोटीपोटात पातळ आणि जाड दोन्ही सारख्याच अडकतात. तेव्हा उरलेसुरले गाईला घालायचेच असेल, तर पन्नी घरी ठेवा आणि अन्न तेवढे तिच्यापुढे ठेवा.