पोटगी कोणाची? मुलाची की तिजोरीची?

पोटगी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट, वकील आणि तारखा उभ्या राहतात. माझा आजचा विषय त्यापुढचा आहे. निकाल लागला, पोटगी मंजूर झाली, पैसेही येऊ लागले. पण मूल एकटीने वाढवणारी आई सरकारी साहाय्यावर घर चालवीत असेल, तर त्या पैशांतले मुलाच्या पानात किती पडतात? प्रश्न भावनेचा वाटतो. मुळात तो हिशेबाचा आहे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. तेथे १९९१ च्या कायद्यानुसार १९९३ साली ‘चाइल्ड सपोर्ट एजन्सी’ नावाचे खाते सुरू झाले. दूर राहणाऱ्या पालकाकडून, म्हणजे बहुधा बापाकडून, पोटगी ठरवून वसूल करणे हे त्याचे काम. हेतू वाईट नव्हता. परंतु ‘इन्कम सपोर्ट’ या निर्वाहसाहाय्याचा नियम असा होता, की आलेली पोटगी आईचे उत्पन्न समजावी आणि तेवढीच रक्कम साहाय्यातून कापावी.

समजा, एका आईला आठवड्याला ७० पौंड साहाय्य मिळते. बापाने २० पौंड दिले की साहाय्य ५० वर येणार. बेरीज पुन्हा सत्तरच! बापाचा खिसा हलका झाला, तिजोरीचे वीस पौंड वाचले, आणि मुलाच्या वाट्याला काहीच वाढले नाही. मग बापाने मनापासून का द्यावे आणि आईने खटपट का करावी? उलट, बापाचे नाव सांगण्यास सबळ कारणावाचून नकार देणाऱ्या आईचे साहाय्य कमी करण्याची तरतूदही होती. पोटगी साहाय्याहून थोडी जास्त झाली, तर साहाय्य अजिबात बंद. त्याबरोबर शाळेतले मोफत जेवणही जाण्याचा धोका. आणि पुढच्या महिन्यात बापाने हात आखडला म्हणजे?

अनुभवाने नियम सैल होत गेला. २००३ साली नव्या पद्धतीतील प्रकरणांत आठवड्याचे १० पौंड हिशेबाबाहेर ठेवण्यात आले. २००८ साली ते २० झाले. आणि एप्रिल २०१० पासून मुलाची सगळी पोटगी हिशेबातून वगळण्यात आली. पुढे आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या साहाय्यातही ती उत्पन्न धरली जात नाही.

कोणी म्हणेल, बाप देतो आहे, मग करदात्याने का द्यावे? आक्षेप अगदीच पोकळ नाही. दोन गरीब घरांपैकी पोटगी मिळणाऱ्या घराला अधिक मिळते हे खरे. पण पै न् पै कापून घेतली, तर देणाऱ्याची आणि घेणारीची, दोघांचीही इच्छा मरते, आणि शेवटी वसुलीच खुंटते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे फौजदारी कायद्यातील पोटगीवरची दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा २००१ साली उठली; १ जुलै २०२४ पासून ही तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. दुसरीकडे महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पोटगी न मिळणाऱ्या किंवा ठरावीक उत्पन्नमर्यादेपेक्षा कमी मिळणाऱ्या घटस्फोटितेस स्थान दिलेले आहे. येथे कापाकापी नाही, उंबरठा आहे. वर्षाला २१,००० रुपयांची मर्यादा आणि २०२३ साली ठरलेले दरमहा १,५०० रुपयांचे अनुदान धरून गणित मांडा. पोटगी दरमहा १,७०० असली, तर वर्षाचे २०,४०० होतात. बाई मर्यादेच्या आत, हाती एकूण ३,२००. तीच पोटगी १,८०० झाली, की वर्षाचे २१,६०० होतात. अनुदान गेले, हाती १,८०० च. शंभर रुपये वाढले आणि चौदाशे बुडाले!

म्हणून कोणतीही योजना तपासताना दोन प्रश्न विचारावेत. कागदावरची पोटगी मोजता, की हातात पडलेली? आणि बापाने एक रुपया जास्त दिला, तर त्यातला मुलापर्यंत किती पोचतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे आले, तर ती पोटगी मुलाच्या नावाची असली तरी मुलाची नव्हे.