पूरक गोळ्यांचं वास्तव (भाग 6) : माशाच्या तेलाची मात्रा

मागच्या भागात मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्यांबद्दल लिहिलं, त्यावर सगळ्यात जास्त विचारणा आली ती माशाच्या तेलाची. 'घेऊ का' असं विचारणारे थोडे. बहुतेक जण आधीपासून घेतच आहेत आणि त्यांना किती घ्यायचं ते हवंय. प्रश्न अगदी योग्य आहे, कारण या कॅप्सूलचा घोळ होतो तो मात्रेतच.

डब्याच्या दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत '1000 मिग्रॅ' छापलेलं असतं. तो आकडा तेलाचा. आपण पैसे मोजतो ते ईपीए आणि डीएचए या ओमेगा-3 मेदाम्लांसाठी, आणि साध्या कॅप्सूलमध्ये ती असतात साधारण 180 आणि 120, म्हणजे मिळून 300 मिग्रॅ. बाकी सगळी इतर चरबी. 'ट्रिपल स्ट्रेंथ' प्रकारात मात्र हाच आकडा एका कॅप्सूलला 900 च्या घरात जातो. त्यात काही डब्यांवर मागे दिलेला आकडा एका कॅप्सूलचा नसतो, दोन कॅप्सूलच्या 'सर्व्हिंग'चा असतो, आणि ते अगदी बारीक अक्षरांत.

ओळखीतले एक काका डोंबिवलीला असतात, मुलगा न्यू जर्सीत. तिकडून कोणी आलं की बॅगेतून डबा येतोच. सकाळी दोन, रात्री दोन हा काकांचा शिरस्ता. मध्यंतरी मुलाने कौतुकाने जास्त ताकदीचा डबा पाठवला. काकांनी शिरस्ता मोडला नाही. भिंग घेऊन डब्याची मागची बाजू वाचली तेव्हा हिशेब लागला: आधी दिवसाला 1200 मिग्रॅ ओमेगा-3 पोटात जात होतं, आता 3600. काकांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं, गोळ्या चारच्या चार.

एवढी मात्रा म्हणजे जवळजवळ औषधाचा डोस. ट्रायग्लिसराइड फार वाढलेल्या रुग्णांना डॉक्टर ओमेगा-3 देतात ते दिवसाला 4 ग्रॅमपर्यंत, पण रक्त तपासून आणि लक्ष ठेवून.

या तेलाची ख्याती सुरू झाली ग्रीनलँडपासून. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी 1970 च्या दशकात तिथल्या इन्युइट लोकांचं रक्त तपासलं आणि त्यांच्या माशाच्या आहाराचा संबंध हृदयविकाराशी जोडला. 1999 मध्ये इटलीतल्या 'गिसी' चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना रोज 1 ग्रॅम दिल्यावर मृत्यू कमी झालेले दिसले. तिथून बाजार फुलला. पण 2018 मध्ये अमेरिकेतल्या 'व्हायटल' चाचणीत 25,871 जणांवर आणि ब्रिटनमधल्या 'असेंड' चाचणीत 15,480 मधुमेहींवर 1 ग्रॅमची कॅप्सूल वापरून पाहिली, तर हृदयविकार आणि पक्षाघात यांत लक्षणीय फरक पडला नाही. धडधाकट माणसाने हृदयासाठी हा खर्च करावा असं मला तरी वाटत नाही.

मोठ्या मात्रेची गोष्ट वेगळी आणि जरा अवघड. त्याच वर्षी 'रिड्यूस-इट' चाचणीत जोखमीच्या रुग्णांना शुद्ध ईपीए रोज 4 ग्रॅम दिल्यावर चांगला फायदा दिसला. दोन वर्षांनी 'स्ट्रेंथ' चाचणीत ईपीए-डीएचएचं मिश्रण तेवढंच दिलं, फायदा शून्य. हा वाद अजून चालू आहे. दोन्हींत जुळलेली गोष्ट एकच: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं, तेल घेणाऱ्यांत जास्त आढळलं. 'रिड्यूस-इट'मध्ये त्यासाठी रुग्णालयात जावं लागलेले 3.1 टक्के होते, तेल न घेणाऱ्यांत 2.1. पुढे 2021 मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा 1 ग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांत हा धोका सुमारे 49 टक्क्यांनी वाढलेला निघाला, 1 ग्रॅमपर्यंत 12 टक्क्यांनी. मूळ धोका लहान, म्हणून घाबरायला नको. पण या विकारात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून दुर्लक्षही नको. नाडी अनियमित लागत असेल, विनाकारण धडधडत असेल तर डबा बाजूला ठेवा आणि ईसीजी काढून घ्या.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2012 मध्ये दिवसाला 5 ग्रॅमपर्यंत रक्तस्रावाची चिंता नाही असं म्हटलं होतं. जाहिरातवाले तो आकडा आवडीने सांगतात. लयीच्या बिघाडाचा पुरावा नंतरचा आहे हे सांगत नाहीत. रक्तस्रावाची भीती मात्र खरंच थोडी फुगवलेली आहे. तरी वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

कॉड लिव्हर ऑइल हे निराळं प्रकरण. ते माशाच्या यकृतातून काढतात, त्यामुळे 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं भरपूर. चहाच्या एका चमच्यात 'अ' सुमारे 1350 मायक्रोग्रॅम, मोठ्या चमच्यात 4000 च्या वर. प्रौढांची रोजची कमाल मर्यादा 3000. सांधे दुखतात म्हणून चमचा मोठा करणारे बरेच भेटतात. 'अ' शरीरात साठतं, जादा झालं की यकृताला त्रास होतो. गर्भवतींनी तर हे तेल घेऊच नये, बाळात व्यंग येण्याचा धोका असतो.

मासे खाणाऱ्यांना आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली पुरते, तळण्यापेक्षा तिखल्यात बरी. शाकाहारींना जवसाच्या चटणीतून ओमेगा-3 मिळतं, पण शरीर त्याचं ईपीए-डीएचए फार थोडं करतं. गरज असेलच तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं.

यापुढे डॉक्टरांकडे जाताना तोंडी 'माशाच्या गोळ्या घेतो' म्हणू नका, डबाच सोबत न्या. पुढच्या भागात 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजारांची पाकिटं.