गिटारचा छोटा ध्वनिवर्धक : घरच्या घरी

वाद्य आहे, वाजवणाराही आहे, पण आवाज मात्र पोहोचत नाही, अशी स्थिती आपल्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरांत आढळते. शहरात शिकायला किंवा नोकरीला गेलेला थोरला भाऊ सुटीत येताना गिटार घेऊन येतो आणि धाकट्याला चार सूर शिकवून परत जातो. धाकटा मन लावून सराव करतो. परंतु गायकवृंदात ढोलक आणि हार्मोनियम यांच्या शेजारी बसला की त्याच्या तारांचा नाद त्याचा त्यालाच ऐकू येईनासा होतो. बाजारातील ध्वनिवर्धकाची, म्हणजे अॅम्प्लिफायरची, किंमत ऐकून घरातील वडीलधारी मंडळी गप्प बसतात. मग हळूहळू गिटार खुंटीला लागते आणि तिच्यावर धूळ बसू लागते.

कॅथलिक कुटुंबांना गिटार परकी नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती वादकांनी जे मोलाचे काम केले, ते सर्वश्रुत आहे. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. पाईप ऑर्गनचा मान राखून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीने इतर वाद्यांचाही उपासनेत स्वीकार करण्याची वाट त्यात मोकळी झाली. त्यानंतरच्या काळात अनेक चर्चच्या गायकवृंदांत गिटार दिसू लागली. तेव्हा तिचा आवाज कसा वाढवावा, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

मोहगावचेच उदाहरण घेऊ. हे गाव सौंसर तालुक्यातले. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात मोडणारे. राज्य मध्यप्रदेश, परंतु बोली मराठी आणि बाजारहाटाचा ओढा नागपूरकडे. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. ती रेषा बदलली, पण माणसांची ये-जा काही बदलली नाही. अशा गावी विकत आणलेले यंत्र बिघडले, तर ते पिशवीत घालून नागपूर गाठावे लागते. उलट, जे आपल्या हातांनी जोडले ते आपल्याच हातांनी उकलता येते. घरी ध्वनिवर्धक बांधण्याचा खरा लाभ पैशांच्या बचतीत आहे, त्याहून अधिक तो या स्वावलंबनात आहे.

आवाज वाढतो कसा?

विद्युत गिटारच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेटोळ्यात अल्पसा विद्युतप्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ मध्येच दाखवून दिले होते. त्याचा उपयोग करून पहिल्या विद्युत गिटारी अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या आरंभी तयार झाल्या. साध्या लाकडी गिटारला असा पिकअप नसतो. तिच्या घोडीजवळ पायझोची पातळ पितळी चकती चिकटवली, तर लाकडाच्या कंपनातून तसाच विद्युतसंकेत मिळतो.

हा संकेत फार दुबळा असतो. साधारणपणे व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा धरावा. त्याने स्पीकरचा कागदी पडदा काही हलणार नाही. त्या दुबळ्या संकेताच्या आज्ञेप्रमाणे बॅटरीतील बलवान प्रवाह कमीअधिक सोडणे, एवढेच ध्वनिवर्धकाचे काम. पाटाचे पाणी देताना शेतकरी बोटभर माती सारून पाण्याची मोठी धार वळवतो, तसाच हा प्रकार आहे. पूर्वी हे काम काचेच्या व्हॉल्व्हकडून करून घेत. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५८ मध्ये जॅक किल्बी याने एकाच तुकड्यावर सर्व मंडल बसवण्याची युक्ती दाखवली. त्या युक्तीची संतती म्हणजे आजची आयसी.

सामान

नवशिक्याने ‘एलएम ३८६’ ही आठ पायांची आयसी घ्यावी. आकार चिंचोक्याहून लहान आणि किंमतही अगदी बेताची. तिच्यासोबत आठ पायांचा सॉकेट, १० किलो-ओहमचा व्हॉल्यूम कंट्रोल, ४७० मायक्रोफॅरडचा एक व १०० मायक्रोफॅरडचा एक असे दोन कंडेन्सर, ज्यावर ४७३ छापलेले असते तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा लहान कंडेन्सर, १० ओहमचा एक रेझिस्टर, १एन ४००७ हा डायोड, गिटारच्या वायरीचा पाव इंची जॅक, एक बटण आणि भोकांचा बोर्ड एवढे आणावे. घरी अडगळीत जुना रेडिओ पडला असेल तर त्याचा ८ ओहमचा स्पीकर चालेल. मात्र रेडिओ वीजजोडणीचा असेल, तर तो आधी जाणत्या मिस्त्रीकडून उघडून घ्यावा. बॅटरी म्हणून १.५ व्होल्टचे सहा पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की ९ व्होल्ट होतात. चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीपेक्षा ते अधिक काळ टिकतात आणि गावच्या दुकानातही मिळतात.

जोडणी

आयसीच्या एका टोकाला खाच असते. ती खाच वर धरली की डाव्या रांगेतील सर्वांत वरचा पाय पहिला. तेथून खाली मोजत चौथ्यापर्यंत यावे, मग उजव्या रांगेत खालून वर पाचव्यापासून आठव्यापर्यंत जावे. हे मोजणे एकदा मनात पक्के झाले म्हणजे निम्मे काम झाले.

बॅटरीची धन बाजू बटणातून आणि डायोडमधून सहाव्या पायाला जोडावी. डायोडवरील पांढरा पट्टा आयसीकडे असावा. अंधारात सेल उलटे बसले तरी मग आयसी जळत नाही, कारण डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. बॅटरीची ऋण बाजू, जॅकची बाहेरची कडी, व्हॉल्यूम कंट्रोलचे एक टोक आणि आयसीचे दुसरा व चौथा हे पाय, ही सारी एकत्र जोडावीत. जॅकचे टोक कंट्रोलच्या दुसऱ्या टोकाला आणि कंट्रोलचा मधला पाय आयसीच्या तिसऱ्या पायाला जोडावा. पाचव्या पायातून वाढवलेला संकेत बाहेर पडतो. तेथे ४७० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरची धन बाजू लावून त्याच्या ऋण बाजूपासून स्पीकरला तार न्यावी. स्पीकरची दुसरी तार बॅटरीच्या ऋण बाजूला. पाचव्या पायापासूनच १० ओहमचा रेझिस्टर आणि त्याच्या पुढे ४७३ चा कंडेन्सर असे जोडून ऋण बाजूला नेले, म्हणजे आयसी शिट्या घालत नाही. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सहाव्या पायाच्या अगदी जवळ, धन आणि ऋण यांच्या मध्ये बसवावा. पहिला, सातवा आणि आठवा हे पाय तूर्त मोकळे ठेवावेत.

पुष्कळ आकृत्यांत स्पीकरपाशी २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर दाखवलेला असतो. मग आपण ४७० का घ्यावा? गिटारच्या सर्वांत जाड तारेचा नाद सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा असतो. ८ ओहमच्या स्पीकरबरोबर २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुमारे ९० कंपनांच्या खालचे सूर रोखू लागतो. ४७० चा मात्र ४२ पर्यंत वाट मोकळी ठेवतो. खर्जाचे सूर हवे असतील तर ही लहानशी गोष्ट मोठी ठरते.

आता डाख देण्याविषयी. कासार भांड्याला डाख देतो त्याच जातीचे हे काम, फक्त फार नाजूक. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे पुरे. आधी दोन्ही धातू तापवावेत आणि मग सोल्डर त्यांना लावावे. सोल्डर इस्त्रीवर वितळवून थेंब टाकू नये. चांगला डाख चकचकीत दिसतो, कच्चा डाख फिकट व ढेकळासारखा असतो. पहिल्या यंत्रांत जे दोष निघतात त्यांपैकी बहुतेक अशा कच्च्या डाखाचे असतात. सोल्डरमध्ये बहुधा शिसे असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, काम करताना काही खाऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. आयसी सर्वांत शेवटी सॉकेटमध्ये बसवावी.

परीक्षा आणि दोष

बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक तार बोट ठेवून पुन्हा एकदा तपासावी. मग मीटर घेऊन सहाव्या पायाशी सुमारे साडेआठ व्होल्ट आणि पाचव्या पायाशी त्याच्या निम्मे, म्हणजे सव्वाचारच्या आसपास, मिळतात का ते पाहावे. हे दोन आकडे मिळाले तर आयसी शाबूत आहे असे समजावे. पाचव्या पायाशी शून्य किंवा पूर्ण व्होल्टेज दिसले, तर बटण बंद करून जोडणी तपासावी. आकडे बरोबर असून आवाज नसेल, तर व्हॉल्यूम वाढवून तिसऱ्या पायाला पेचकसाने स्पर्श करावा; स्पीकरमध्ये गुणगुण उमटली तर दोष जॅककडे किंवा गिटारच्या वायरीत आहे. सतत घरघर येत असेल, तर मंडल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून तो डबा ऋण बाजूला जोडावा. उघडे टाके पत्र्याला टेकू नयेत म्हणून खाली पुठ्ठा घालावा.

स्पीकर नुसता उघडा ठेवला तर त्याच्या पुढच्या आणि मागच्या लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज किनरा येतो. त्याला फळीचे अंग द्यावे लागते. पांढुर्णा-सौंसरच्या भागात संत्र्यांच्या जुन्या लाकडी पेट्यांना तोटा नाही. त्याच फळ्यांची लहान पेटी करून पुढे स्पीकरएवढे गोल भोक पाडावे. आवाजात पडलेला फरक लहान मुलालाही कळेल.

आता किती अपेक्षा ठेवावी तेही स्पष्ट सांगणे बरे. ही आयसी मूळच्या स्थितीत संकेत २० पट करते. व्होल्टचा दहावा भाग २० पट झाला की २ व्होल्ट. ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे होतात अर्धा वॅट. खोलीला, ओसरीला, अंगणातील चार माणसांना एवढे पुरते. भरल्या चर्चला पुरत नाही. पहिल्या आणि आठव्या पायांच्या मध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, त्याची धन बाजू पहिल्या पायाकडे ठेवून, घातला तर वाढ २०० पट होते. पण मग त्याच संकेताला २० व्होल्ट लागतील आणि बॅटरी तर नऊचीच! लहरींचे माथे छाटले जाऊन आवाज फाटतो. काही तरुणांना तोच फाटका आवाज आवडतो. भक्तिगीताला तो शोभत नाही.

पायझोची चकती वापरणाऱ्यांना आरंभी आवाज पोकळ वाटेल. चकतीला १० किलो-ओहमचा भार पेलत नाही, त्यामुळे खालचे सूर हरवतात. एफईटी जातीचा एक ट्रान्झिस्टर आणि १ मेगा-ओहमचा रेझिस्टर यांची एक पायरी जॅकच्या पुढे बसवली की हा दोष जातो. पहिले यंत्र बोलू लागल्यावर दुसरा धडा म्हणून ते काम हाती घ्यावे.

एक नियम न मोडण्याचा

या साऱ्या कामात घरातील २३० व्होल्टच्या विजेशी संबंध फक्त सोल्डरिंग आयर्नपुरता असावा. सेलचा खर्च वाचवण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लावून भिंतीतील वीज यंत्रात आणण्याचा मोह होतो. नवशिक्याने तो कटाक्षाने टाळावा. गिटारच्या तारा वायरीच्या कडीमार्फत थेट यंत्राला जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्या तारांवर असतात. आत वीज चुकीच्या जागी शिरली तर ती कोठे पोहोचेल, हे सांगण्याची गरज नाही. जुने व्हॉल्व्हचे यंत्र तर मुलांनी उघडूच नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि बटण बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये दबा धरून राहतात. ९ व्होल्टच्या सेलवर मात्र चूक झाली तरी फार तर काही रुपयांची आयसी जाईल. मूल सुखरूप राहील.

शेवटी आईबापांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी तारा पसरून बसली की ‘हा काय पसारा मांडला आहे!’ असे आपण सहज बोलून जातो. पहिल्या दिवशी यंत्र मुकेच राहील, कदाचित दुसऱ्या दिवशीही. त्या वेळी कोणी हसू नये. मुक्या यंत्रासमोर बसून एकेक टाका तपासणारे मूल जे शिकत असते, ते पुस्तकाच्या पानावर क्वचितच मिळते : दोष यंत्राला शिव्या देऊन सापडत नाही, तो शांतपणे शोधावा लागतो. मुलींनाही या कामापासून दूर ठेवू नये. बारीक टाका घालणाऱ्या हातांना डाख जड नाही. पाटल्याएवढी जागा, संध्याकाळचे दोन तास आणि थोडासा धीर, एवढे घराने दिले तर खुंटीवरची गिटार खाली उतरेल आणि पुढे शेजाऱ्याचा बंद पडलेला रेडिओही त्याच दाराशी येऊ लागेल.