अंतरपाटाला रीटेक नसतो

‘तुझ्याकडे कॅमेरा आहे ना? मग लग्नाचा व्हिडिओ तूच कर!’ हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. मी ऐकलं मैत्रिणीच्या ताईच्या लग्नाआधी. मग काय, ताम्हिणी घाटात प्री-वेडिंग, हातात भाड्याचं गिंबल आणि पिरंगुटजवळच्या लॉन्सवर स्लो-मोशनमध्ये अक्षता. टीझरवर लाइक्सचा पाऊस!

चार महिन्यांनी ताईचा फोन आला. ‘आजीने मंगलाष्टक म्हटलं होतं ना, तो आवाज आहे का गं?’ आजी नुकतीच गेली होती. मी फुटेज उघडलं. आजी दिसत होती, पण मुकी. तो शॉट मी स्लो-मोशन मोडवर घेतला होता आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत त्या मोडवर आवाज रेकॉर्डच होत नाही.

म्हणून दोस्तांनो, या सीझनला कॅमेरा घेऊन निघणार असाल तर आधी आवाजाचं बघा. मंगलाष्टकांच्या वेळी एकच माइक गुरुजींपासून आत्या-मामींपर्यंत फिरतो. साउंडवाल्या दादांशी आधीच गोड बोलून ठेवा आणि त्यांच्या मिक्सरमधून तुमच्या रेकॉर्डरला लाइन घ्या. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की स्पीकरवर ऐकू जाईल अशी एक टाळी माइकजवळ वाजवायला सांगा आणि ती कॅमेऱ्यात टिपा. एडिटिंगला आवाज आणि चित्र जुळवायची तीच खूण.

आता सेटिंग. २५ फ्रेम्सवर शूट करताना शटर १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मांडवातल्या दिव्यांची लुकलुक बरीच टळते. हळदीला व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, नाहीतर दर शॉटला हळदीचा पिवळा वेगळाच दिसेल. स्लो-मोशन हवंच असेल तर ते वरातीसाठी राखून ठेवा.

ड्रोनचा मोह होतोय? २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. शिवाय भूगावच्या शेजारीच एनडीए आहे, त्यामुळे सरकारी एअरस्पेस मॅपवर झोन तपासल्याशिवाय पंखे फिरवू नका.

एडिटिंगसाठी खिसा रिकामा करायची गरज नाही. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट व्हर्जनमध्ये कटिंग, कलर आणि साउंड तिन्ही होतं. फक्त कार्ड फॉरमॅट करण्याआधी फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करा.

पुण्याला सिनेमा नवा नाही. १९३३मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूरहून इथे आली आणि तिच्याच स्टुडिओच्या जागेत १९६०मध्ये एफटीआयआय सुरू झाली. पण सेटवर ‘वन्स मोअर’ म्हणता येतं. मांडवात शेवटचं ‘सावधान’ झालं की अंतरपाट एकदाच खाली जातो.

ताईला आजीचा आवाज शेवटी मिळाला, एका काकूंच्या मोबाइलमध्ये. अर्ध्या मिनिटाचा, हललेला, अर्ध्या फ्रेममध्ये कुणाचा तरी फेटा. माझा टीझर ताईने त्यानंतर पाहिला की नाही, माहीत नाही. ती क्लिप मात्र घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.