नकलेतली निष्ठा

मुंबई बंदरापलीकडे, अलिबाग तालुक्यात वसलेल्या आणि लाँच व रो-रोच्या धक्क्यामुळे आज गजबजून गेलेल्या मांडव्याचे नाव देशभर नेले ते मुकुल आनंद यांच्या १९९० सालच्या 'अग्निपथ' चित्रपटाने. परंतु ते लोकांच्या जिभेवर खेळते ठेवले ते गणेशोत्सवाच्या नि स्नेहसंमेलनांच्या रंगमंचावरील नकलाकारांनी. त्यातील नायक, मांडव्याचा विजय दीनानाथ चौहान, याच्यासाठी अमिताभ बच्चन यांनी लावलेला घोगरा, खर्जातला आवाज पुष्कळ प्रेक्षकांना तेव्हा रुचला नव्हता. नकलाकारांनी मात्र नेमका तोच उचलला. हा विजयही अस्सल-नकलेच्या एका लांब परंपरेतला आहे : त्याच्यावर १९८३ च्या 'स्कारफेस'ची छाया आहे, आणि तो चित्रपट हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३२ च्या त्याच नावाच्या चित्रपटाचा नवा अवतार आहे.

जुन्या चित्रपटांचे प्रेमळ विडंबन हे या परंपरेचे सर्वांत रसाळ फळ होय. निव्वळ उपहासाला मूळ कृतीतील चार ठळक व्यंगे पुरतात. प्रेमाने विडंबन करणाऱ्याला तिची शैली, तिचा प्रकाश, तिची लय हे सारे मुखोद्गत असावे लागते. १९७४ साली 'यंग फ्रँकेन्स्टाइन' काढताना मेल ब्रुक्स यांनी, रंगीत चित्रपटांच्या भर अमदानीत, कृष्णधवल चित्रीकरणाचाच आग्रह धरला. एवढेच नव्हे तर १९३१ च्या मूळ 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी रचलेली, ठिणग्या उडवणारी प्रयोगशाळेची यंत्रे त्यांनी पुन्हा पडद्यावर आणली. 'सिंगिन इन द रेन'सारख्या संगीतपटाचे एक दिग्दर्शक स्टॅन्ले डोनन यांनीच १९७८ साली 'मूव्ही मूव्ही'मध्ये १९३० च्या दशकातील मुष्टियुद्धपटांची आणि संगीतपटांची थट्टा केली, ती तर घरच्या माणसाने घरच्यांची करावी तशी.

'झेंडूची फुले' लिहून काव्यविडंबनाला प्रतिष्ठा देणाऱ्या आचार्य अत्र्यांच्या महाराष्ट्राला हा रस परका नाही. प्रभातच्या १९३९ सालच्या 'माणूस'मध्ये व्ही. शांताराम यांनी गणपत शिपाई आणि वेश्या मैना यांची गाठ एका चित्रपटाच्या चित्रीकरणाशी घालून दिली असून, तेथील लाडिक प्रेमाभिनयात बॉम्बे टॉकीजच्या प्रणयपटांचे विडंबन आहे. ज्या मैनेच्या वाट्याला असे गोंडस प्रेम येणे नाही, तिच्यासमोर तो देखावा मांडल्यामुळे थट्टेच्या पोटात करुणा शिरते.

आता प्रभातच्या चित्रपटांचेच असे विडंबन व्हावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. जो तरुण दिग्दर्शक ते अंगावर घेईल, त्याला ते चित्रपट पुनःपुन्हा, डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतील. आणि त्याची थट्टा कळावी म्हणून प्रेक्षकांनाही ते पाहावे लागतील. गावोगावच्या फिल्म सोसायट्यांनी ती सोय करून द्यावी.