गळक्या तोट्यांचा जमाना

हाताने घडवलेल्या भांड्यांचा आढावा मुंबईच्या कलाशाळेपासून सुरू करायची रीत आहे, म्हणून तिथून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकामाला चालना दिली, अजिंठ्याची चित्रं सुरयांवर उतरली, विलायतेत कौतुक झालं. त्या सुरयांत पाणी कोणी भरलं असेल असं वाटत नाही. पुढे जपानमध्ये शिकून आलेल्या गुरचरण सिंगांनी १९५२ साली दिल्लीत आपली पॉटरी काढली. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी उभी केली, आणि आजचे कितीतरी नावाजलेले हात तिथे तयार झाले. हे सगळ्यांना पाठ आहे.

माझा जीव जोर्व्यात. संगमनेरजवळ प्रवरेकाठी १९५०-५१ साली सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तिथली ही तीन हजार वर्षांहून जुनी भांडी. तांबडं अंग, काळ्या रेघांची नक्षी, पोटाला कंगोरा, पसरट तोंड आणि नळीसारखी लांब तोटी. टिचकी मारली की खणखणतात. शिकायला येणाऱ्यांना मी सांगत आलो, नक्षी उचलू नका, तोटी उचला. तोटीचं टोक भांड्याच्या काठापेक्षा खाली राहिलं, तर काठोकाठ भरण्याआधीच सांडतं. टोकाची खालची कड बोथट असली तर धार तुटत नाही, ओघळ पोटावरून टेबलावर येतो. झिलई जाड बसली की कड बोथट होणारच, म्हणून भट्टीत लावण्याआधी टोक पुसून घ्यायचं. एवढं जमायला उमेदीची वर्षं जातात.

घरचा वारसा म्हणाल तर लोणच्याची बरणी. माती भाजून घट्ट झालेली, त्यामुळे खार झिरपत नाही. हात आत जाईल एवढं तोंड, आणि दादऱ्याची दोरी घसरू नये म्हणून गळ्याला खाच. माझ्या एका विद्यार्थिनीने आजीच्या बरणीवरून लहान बरणी केली. आजीचं नाव-गाव कुठे रंगवलं नाही, पण खाच सोडली नाही. आठवण जपणं म्हणतात ते हेच.

आमचे काही मित्र म्हणतात, उपयोगाचा हट्ट म्हणजे कलेला स्वयंपाकघरात कोंडणं. कोंडा की! रोजच्या घासणीखाली टिकणं गॅलरीत टिकण्याहून अवघड आहे. हल्ली मगावर वारली तारपानाच रंगवला की झाला वारसा, सोबत आजोळच्या आठवणींचं छापील कार्ड. मागे एका प्रदर्शनात किटलीत पाणी भरून बघू का विचारलं, तर उत्तर आलं, "सर, ती फक्त बघायची आहे." किंमत मात्र चार वापरायच्या किटल्यांची.

या दिवाळीत हातची भांडी घ्यायला जाल, तेव्हा आधी तांब्याभर पाणी मागा. विकणारा कुरकुरला, तर कार्ड वाचायची तसदी घेऊ नका.